रिश्त्याच्या फोटोतला चेहरा कुणाचा?

धाकट्या भावासाठी आमच्याकडे दोन वर्षं रिश्ते बघणं चाललं होतं. घरात मोबाईल-कम्प्युटरचं काहीही असलं की ते माझ्या गळ्यात पडतं, म्हणून बायोडेटेही माझ्याच व्हॉट्सॲपवर यायचे. मिरज, लातूर, बीड, चिपळूण, सोलापूर. साठ-सत्तर तरी आले असतील. शिक्षण वेगळं, घराणी वेगळी, घरातली बोली वेगळी. चेहरा मात्र एकच. गालावर एक रोमछिद्र नाही, नाक दोन्ही बाजूंनी किंचित चेपलेलं, हनुवटी निमुळती, डोळे होते त्याहून मोठे, आणि रंग असा की ट्यूबलाइट आतून लावल्यासारखा. एकदा अम्मीने फोन हातात घेऊन विचारलं, “ही परवाचीच ना?” नव्हती. परवाची बीडची होती, ही चिपळूणची.

पुढे मला एक सवयच लागली. फोटो आला की चेहरा सोडून हात बघायचे. ही सॉफ्टवेअर्स आधी चेहरा शोधतात. हातांकडे त्यांचं बहुतेक वेळा लक्ष नसतं. त्यामुळे मांडीवर मेंदी लावलेले गव्हाळ किंवा सावळे, खरे हात असतात आणि वर भलताच चेहरा असतो. मान ओढणीखाली झाकलेली असते म्हणून जोड दिसत नाही, एवढंच.

फोटो सुधारण्याला माझा विरोध नाही, हे आधीच सांगून टाकतो. कॅमेरा काही सत्यवचनी नसतो. घरातल्या स्वस्त ट्यूबच्या उजेडात कुणाचाही चेहरा हिरवट, आजारी दिसतो; तो हिरवेपणा काढणं म्हणजे खोटेपणा नाही. हात लांब करून सेल्फी काढली की नाक मोठं दिसतं. एक फुटावरून काढलेल्या फोटोत, पाच फुटांवरून काढलेल्या फोटोच्या तुलनेत, नाकाची रुंदी सुमारे ३० टक्के जास्त दिसते, असं गणित अमेरिकेतल्या डॉक्टरांनी २०१८ मध्ये मांडलं होतं. (उपाय नाक बारीक करणारं ॲप नाही. फोन दुसऱ्याच्या हातात द्या आणि त्याला पाच-सहा फूट मागे उभं करा.) परीक्षेच्या ताणाने आलेली पुटकुळी काढली तरी माझी हरकत नाही. चांगल्या रिटचरांचा एक जुना नियम आहे: जे महिन्याभरात आपोआप जाणार आहे ते काढा, जे राहणार आहे त्याला हात लावू नका. तीळ राहणार आहे. नाक राहणार आहे. रंग तर राहणारच आहे.

आणि रिटचिंग काही मोबाईलसोबत आलेलं नाही. आपल्या आजोबांच्या काळातही स्टुडिओत निगेटिव्हवर टोकदार पेन्सिलीने बारीक ठिपके देऊन सुरकुत्या आणि डाग हलके करत. कृष्णधवल फोटोवर हाताने रंग भरत; गाल गुलाबी, ओठ लाल. पण ते काम एक माणूस हाताने करत होता. वेळ जायचा, पैसे पडायचे, म्हणून ते बेताचं व्हायचं. शिवाय त्या माणसाने गिऱ्हाईक समोर पाहिलेलं असायचं. १९९० मध्ये फोटोशॉप आलं, तेव्हाही चेहरा बदलायचा तर कुणाला तरी खुर्चीत बसून माऊस फिरवावा लागे. आता तसं काही लागत नाही. अनेक फोनमध्ये ‘ब्युटी’ डब्यातून बाहेर काढतानाच सुरू असते. आपण ती निवडलेली नसते. आपल्यासाठी कुणीतरी निवडलेली असते.

या ‘कुणीतरी’बद्दल थोडं आतलं सांगतो, कारण माझं पोट कोड लिहूनच भरतं, आणि आत काय चालतं ते कळलं की जादू बरीच उतरते.

कॅमेरा आधी चेहऱ्यावर ठिपक्यांची एक जाळी टाकतो. गूगलच्या मीडियापाइपच्या फेस मेशमध्ये असे ४६८ ठिपके आहेत: ओठांच्या कडा, पापण्या, नाकपुड्या, जबडा. नाक बारीक करायचं म्हणजे नाकपुड्यांचे ठिपके एकमेकांकडे सरकवायचे आणि मधलं चित्र रबरासारखं ताणायचं. त्वचा गुळगुळीत करायला १९९८ पासून माहीत असलेलं एक गणित वापरतात, बायलॅटरल फिल्टर. साध्या धूसरपणात प्रत्येक बिंदूच्या रंगाची शेजाऱ्यांशी सरासरी काढतात, त्यामुळे सगळंच पुसट होतं. या फिल्टरमध्ये फक्त आपल्यासारख्या रंगाच्या शेजाऱ्यांशी सरासरी काढतात. म्हणून पापणीचा केस टिकतो आणि गालावरची छिद्रं, लव, बारीक वण विरघळतात. शेवटी त्वचेचा भाग निवडून तो उजळ करायचा. हे तिन्ही मिळून मी एका रविवारी, फुकट मिळणाऱ्या लायब्ररी वापरून, शंभरेक ओळींत लिहून पाहिलं. जमलं. त्यात मला तीन आकडे ठरवावे लागले: नाक किती सरकवायचं, गाल किती गुळगुळीत करायचे, रंग किती उजळायचा. मी आकडे टाकले तेव्हा माझ्यासमोर कुठलाही अभ्यास नव्हता, डॉक्टर नव्हता, सौंदर्यशास्त्र नव्हतं. बरं दिसलं म्हणून टाकले. मोठ्या कंपनीत हे आकडे ठरवणारी माणसं जास्त असतात, बैठका जास्त होतात, पण शेवटी ते आकडेच असतात.

माझ्या प्रोग्राममध्ये मी उणे आकडाही टाकून पाहिला. नाक रुंद, त्वचा खरखरीत, रंग गडद. गणिताला काहीच अडचण आली नाही. पण बाजारातल्या ब्युटी ॲपमध्ये अशी पट्टी मी कधी पाहिलेली नाही. तिथे पट्टी शून्यापासून गोरेपणाकडेच जाते. याला मी तंत्रज्ञान म्हणायला तयार नाही. ही कुणाची तरी आवड आहे आणि ती फोनमध्ये भरून आपल्याला विकली जाते.

२०१७ मध्ये फेसॲपने चेहरा ‘हॉट’ करणारा एक फिल्टर काढला होता. लोकांच्या लक्षात आलं की तो कृष्णवर्णीय माणसांना गोरं करतोय. कंपनीच्या प्रमुखांनी माफी मागितली आणि शिकवायला वापरलेल्या फोटोंतच पक्षपात होता असं कारण दिलं. ते कारण खरंही असेल. यंत्राला ‘सुंदर’ म्हणून जे चेहरे दाखवाल, तेच ते सुंदर समजणार. फिल्मच्या जमान्यातही हेच झालं होतं. प्रिंटचे रंग जुळवायला कोडॅक लॅबना जे नमुना-कार्ड पाठवायची त्यावर वर्षानुवर्षं एक गोरी बाई असायची. तिची त्वचा बरोबर आली की मशीन बरोबर. सावळ्या माणसांचे फोटो काळवंडून आले तर दोष त्यांच्या चेहऱ्याचा मानला जायचा.

आता रिश्त्यांकडे परत येतो, कारण खरी किंमत तिथे मोजली जाते आणि ती मुलगी मोजते.

माझ्या खालाची मुलगी बी. फार्म. आहे, सांगली जिल्ह्यातल्या एका मेडिकल दुकानात काम करते. सावळी आहे. तिचा फोटो तालुक्याच्या एका स्टुडिओत काढला. काही न विचारता स्टुडिओवाल्याने तो ‘साफ’ करून दिला. रिश्तेवालीने तोच पुढे पाठवला. मुलाकडचे आठजण बघायला आले, बिर्याणी-शीरखुर्मा झाला, मुलीला दोन-चार प्रश्न विचारले गेले, सगळे हसून गेले. तिसऱ्या दिवशी रिश्तेवालीचा फोन आला: “फोटो में तो रंग साफ था.” एवढंच. त्या घरातल्या कुणी तिच्या नोकरीबद्दल, स्वभावाबद्दल, दीनदारीबद्दल काही वाईट म्हटलं नाही. ती फक्त स्वतःच्या फोटोपेक्षा कमी निघाली.

खालाने यातून काय धडा घेतला? फोटो बदलला नाही. मुलीसाठी क्रीम आणलं.

इथे माझा मुख्य मुद्दा आहे. रिटच केलेला फोटो दुसऱ्याला फसवतो हे आपण सगळे मान्य करतो. पण त्याचं मोठं काम वेगळंच असतं. तो घरातल्या भिंतीवर, फोनच्या स्क्रीनवर, रिश्तेवालीच्या यादीत बसून मुलीला रोज सांगतो की तुला इथपर्यंत यायचंय. आधी चेहऱ्यावरून फोटो निघायचा. आता फोटोवरून चेहरा काढायचा प्रयत्न चालतो. माझी बहीण काउंटरवर बसते, म्हणून तिला हे माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. निकाहची तारीख जवळ आली की मुली, कधी त्यांच्या अम्मी, ‘ती गोरी करणारी ट्यूब’ मागायला येतात. त्यातल्या कित्येक ट्यूब स्टिरॉइडच्या असतात, खाज आणि इसबावर डॉक्टरने मोजून द्यायच्या. पहिले काही आठवडे चेहरा खरंच उजळतो. मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसू लागतात, पुरळ येतो, चेहऱ्यावर केस वाढतात, आणि मलम बंद केलं की आग होते, म्हणून ते बंदही करता येत नाही. २०१८ मध्ये सरकारने अशी बरीच मलमं चिठ्ठीशिवाय विकायला मनाई केली. चिठ्ठीशिवाय ती कशी मिळतात ते मी सांगायची गरज नाही. ती देत नाही, म्हणून गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जातं.

त्या नकारानंतर ती अम्मीला एकच वाक्य बोलली: “पुढच्या वेळी बघायला आले की त्यांच्यासमोर फोटोच ठेवा, मी ड्यूटीवर जाते.” खाला दोन दिवस तिच्याशी बोलली नाही.

मुलांचे फोटोही साफ होतात, नाही असं नाही. दाढी भरली जाते, कपाळ मागे सरकलेलं असेल तर टोपी घातलेलाच फोटो निवडला जातो. पण ‘फोटोत गोरा होता’ म्हणून मुलाला परत पाठवल्याचं मी तरी ऐकलेलं नाही. मुलाचा पगार रिटच होतो, तो वेगळा विषय.

आपल्याकडे फोटोवर बोलायला लागलं की चर्चा लगेच फोटो काढणं जायज की नाजायज याकडे वळते. तो वाद मी उलेमांवर सोडतो. माझ्या ओळखीच्या काही दीनदार मित्रांचं म्हणणं वेगळं आहे: निकाह हा करार आहे, करारात ऐब लपवणं म्हणजे धोका, म्हणून रिटच केलेला फोटो पाठवणं गुनाह. व्यापाऱ्याने भिजलेलं धान्य पोत्यात खाली लपवावं तसं. ऐकायला बरोबर वाटतं, पण मला हा युक्तिवाद गळ्याखाली उतरत नाही. सावळा रंग हा ऐब आहे हे त्यात आधीच मान्य केलेलं आहे! मुलगी म्हणजे पोतं नाही आणि तिचा रंग म्हणजे भिजलेलं धान्य नाही. हज्जतुल विदाच्या खुतब्यात गोऱ्याला काळ्यावर काही श्रेष्ठत्व नाही असं सांगितलंय, हे आपण प्रत्येक जलशात ऐकतो, मान डोलावतो, आणि घरी येऊन ‘रंग साफ’ची अट घालतो. फोटोतल्या खोटेपणापेक्षा मला हे जास्त टोचतं. खोटं बोलायची गरज का पडली, हा प्रश्न फोटो पाठवणाऱ्याला विचारून भागत नाही, मागणाऱ्याला विचारावा लागतो.

या सगळ्यात आता एक नवी भर पडली आहे. जुने फोटो ‘रिस्टोअर’ करणारी ॲप. आमच्या दादीचा एकच फोटो घरात आहे, कडा वाळवीने खाल्लेल्या. दादीच्या दोन्ही गालांवर देवीचे व्रण होते. भारतातला देवीचा शेवटचा रुग्ण १९७५ मध्ये सापडला. त्याआधीच्या पिढीत असे चेहरे घरोघरी होते. गल्फमध्ये असणाऱ्या माझ्या चुलत भावाने तो फोटो एका ॲपमधून काढला आणि ग्रुपवर टाकला. एकदम स्वच्छ, धारदार. सगळ्यांनी माशाअल्लाह लिहिलं. फुप्पीने मात्र फोन बराच वेळ डोळ्यांजवळ धरला आणि विचारलं, “ये कौन है?”

ती चुकत नव्हती. चेहरे दुरुस्त करणारी ही मॉडेल पुसट जागेत काय होतं ते शोधून काढत नाहीत. तिथे सहसा काय असतं ते भरतात. २०२१ मध्ये आलेलं जीएफपीगॅन नावाचं एक गाजलेलं मोफत मॉडेल फ्लिकरवरून गोळा केलेल्या ७० हजार चेहऱ्यांवर शिकलेलं आहे. त्या गर्दीत देवीचे व्रण असलेल्या दख्खनी म्हाताऱ्या किती असतील? मशीनला व्रण म्हणजे फोटोवरचा डाग वाटला आणि त्याने तो पुसला. दादी देवीतून वाचली होती, तिच्या दोन बहिणी वाचल्या नव्हत्या. आमच्या घरात त्याची दुसरी कुठलीच नोंद नाही. ग्रुपमधल्या लहान मुलांच्या फोनमध्ये आता ती दुसरीच बाई दादी म्हणून सेव्ह झालेली आहे.

कायद्याने काही होईल का? काही देशांनी प्रयत्न केलाय. फ्रान्समध्ये १ ऑक्टोबर २०१७ पासून, जाहिरातीतल्या मॉडेलचं शरीर बारीक किंवा जाड केलं असेल तर ‘रिटच केलेला फोटो’ असं छापावं लागतं. पण तो नियम अंगकाठीपुरता आहे, त्वचेला लागू नाही. नॉर्वेने जुलै २०२२ पासून त्वचाही त्यात घेतली आणि पैसे घेऊन पोस्ट टाकणारे इन्फ्लुएन्सरही. आपल्याकडे जाहिरातींवर नजर ठेवणाऱ्या ॲस्की या संस्थेने २०१४ मध्ये सांगितलं की सावळ्या माणसाला लग्नात, नोकरीत कमी लेखणारी जाहिरात करू नका. २०२० मध्ये ‘फेअर अँड लव्हली’ची ‘ग्लो अँड लव्हली’ झाली आणि शादी डॉट कॉमने रंगावरून स्थळं गाळायची सोय काढून टाकली. नाव गेलं, सोय गेली. रिश्तेवालीच्या वहीत ‘रंग’ हा रकाना अजून आहे. कुठलाही कायदा तिच्या वहीपर्यंत जाणार नाही, आणि जावा असंही मला वाटत नाही.

माझ्या धंद्यातल्या लोकांकडून मात्र मी एक साधी मागणी करतो: चेहरा बदलणारी कुठलीही गोष्ट मुळात बंद असावी, ज्याला हवी तो चालू करेल. हे अशक्य नाही. गूगलने २०२० मध्ये पिक्सेल फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यात नेमकं हेच केलं, आणि ‘ब्युटी’ हा शब्दही काढून ‘फेस रिटचिंग’ असं सरळ नाव ठेवलं. एका ओळीत एक ‘ट्रू’चं ‘फॉल्स’ करायचं काम आहे. तुमच्यातले जे कॅमेरा ॲप, मॅट्रिमोनी साइट, फोटो एडिटर यावर काम करतात, त्यांनी पुढच्या बैठकीत ही गोष्ट काढून तर बघावी.

बाकीच्यांसाठी लहान लहान कामं आहेत. अम्मीच्या फोनचा सेल्फी कॅमेरा उघडा, ब्युटीच्या सगळ्या पट्ट्या शून्यावर आणा. तिला सांगून करा, नाहीतर तिला वाटेल फोन बिघडला. बायोडेट्याचा फोटो दुपारी चारच्या सुमारास दाराच्या सावलीत, बाहेरच्या उजेडाकडे तोंड करून काढा. स्टुडिओच्या दिव्यांपेक्षा तो उजेड सावळ्या त्वचेला जास्त न्याय देतो. माझ्या बहिणीचा आत्ताचा फोटो दुकानाच्या शटरपाशी तिच्या सहकारी मुलीने असाच काढलाय. उत्तरं पूर्वीपेक्षा कमी येतात, हे खरं आहे. खाला त्यावरून अजून कुरकुरते. आणि मुलाकडचे असाल तर, बायोडेटा मागताना ‘फिल्टर नको, साधा फोटो पाठवा’ एवढं आपणहून लिहा. मुलीकडच्यांना हे आधी म्हणायची हिंमत होत नाही. त्यांना भीती असते की बाकीच्या साठ फोटोंत त्यांचाच तेवढा काळा दिसेल.

स्टुडिओवाल्यांशी भांडू नका. मी एकाशी बोललो. तो म्हणाला, “भाई, मी साफ नाही केला तर अम्मी लोक फोटो परत आणतात. पैसे देत नाहीत.” लग्नाचे सहाशे फोटो तो एक-एक करून करत नाही, विकत घेतलेली एक सेटिंग सगळ्यांवर एकदम फिरवतो आणि चहा प्यायला जातो. म्हणजे मूळ फोटो त्याच्याकडे असतातच. ऑर्डर देतानाच ते पेनड्राइव्हवर मागून घ्या, बायोडेट्याचे आणि निकाहचेही. माझ्या बहिणीने तिचा मूळ फोटो मागितला तोवर चार महिने झाले होते आणि त्या स्टुडिओने जागा करायला हार्डडिस्क रिकामी केली होती.